दहावा

हसकेल शलोम झिराडकर या नावाचा माणूस आपल्यात राहतो, हे परळीला धड कधी कळलंच नाही. बाजारातले मुसलमान त्याला हसनचाचा म्हणत, थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या, कॉलनीतले लोक झिराडकरकाका म्हणत आणि गल्लीतल्या बायका नुसतं दादा. तिन्ही हाकांना तो ओ देई. नाव दुरुस्त करायला जावं, तर मागोमाग ‘म्हंजी तुमी कोन?’ हा प्रश्न यायचा, आणि त्याचं उत्तर द्यायला अर्धा दिवस मोडायचा. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. तसं म्हटलं की लोक मान डोलावून ‘किरिस्ताव व्हय’ म्हणत. नाही म्हटलं, तर ‘मग मुसलमानच की’ म्हणून मोकळे होत. थर्मलच्या कोळसा विभागात असताना त्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या रविवारच्या पाळ्या केल्या आणि बदल्यात शनिवारची सुट्टी घेतली. साहेब म्हणायचे, काकाचं शनीचं लई कडक हाय. शेवटी त्यानं समजावणंच सोडून दिलं. कुणाला काय वाटायचं ते वाटो, आपण कोण ते आपल्याला ठाऊक आहे, एवढ्या भांडवलावर त्यानं सत्तरी ओलांडली.

बायको मात्र त्याला सोळा आणे मिळाली होती. रिबका पेणची. तिकडे सिनेगॉग, गल्लीभर नातेवाईक, शुक्रवारी सांज झाली की घरोघर शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीचे, दिवे. तिथून ती परळीच्या राखेत येऊन पडली. इथे सकाळी दोरीवर टाकलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी करडं होऊन घरात येतं. तिनं कुरकुर केली नाही असं कोण म्हणेल? भरपूर केली. पण शुक्रवारचा दिवा एकदाही चुकवला नाही, आणि सासूला सख्ख्या आईसारखा जीव लावला. वर्षाकाठी पेणला गेलं की मात्र ती नवऱ्याला घडीभर बसू देत नसे. ओटीवर गप्पा रंगल्या, म्हाताऱ्यांनी कुळंमुळं काढायला सुरुवात केली, की आतून हिचा आवाज यायचाच, ‘अहो, चहाचं बघता का जरा?’ हसकेल उठायचा. मेव्हणे हसायचे, भावोजी पुरते बायकोच्या मुठीत आहेत म्हणायचे. त्यालाही हसू यायचं. बायकोनं चहा सांगितला तर माणसानं उठावं, त्यात काय अंगाला भोकं पडतात?

मागच्या वर्षी श्रावण संपता संपता रिबका गेली. काविळीनं तिला आतून पोखरलं होतं. अंबाजोगाईला नेली, आणली, परत नेली, आणि मग तीच म्हणाली की आता घरी राहू द्या. शेवटच्या आठवड्यात तिच्या डोक्यात एकच होतं. कद्दीश. माणूस गेला की त्याच्यामागे ही प्रार्थना म्हणतात. पण ती एकट्यादुकट्यानं म्हणता येत नाही. दहा यहुदी पुरुष एका जागी उभे राहिले तरच तिचे शब्द तोंडातून काढायचे, नाही तर गप्प बसायचं, असा नियमच आहे. पेणला तिनं लहानपणापासून प्रत्येक मयताला ती ऐकली होती. परळीत सासरा गेला, सासू गेली, दोघांच्याही मागे ती म्हटली गेली नाही, कारण जिल्ह्यात हसकेलशिवाय दुसरा यहुदी नव्हता.

“तुमच्या आईबाबांना मुकं धाडलंत,” ती म्हणाली होती, “मला नका धाडू. आज नाही जमली तर वर्षानं जमवा, पण दहा माणसं जमवा हो.”

हसकेलनं तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

ती गेली तेव्हा रहमतुल्ला धावून आला. स्टेशन रोडला त्याचा फळांचा गाडा. दोघांची दोस्ती इतकी जुनी की भांडणंसुद्धा जुनीच पुन्हा पुन्हा उकरायचे. त्यानं कब्रस्तानच्या लोकांशी बोलून कडुनिंबाखालचा कोपरा मिळवला, स्वतः कुदळ मारली. हसकेलनं एकट्यानं जेवढं वाचता येतं तेवढं वाचलं. कद्दीशच्या जागी आला आणि थांबला. रहमतुल्लाला वाटलं रडू कोसळलंय, म्हणून त्यानं पाठीवर हात फिरवला. रडू नव्हतं. पुढचं म्हणायला नऊ माणसं कमी होती.

त्या दिवसापासून हसकेलला एकच ध्यास लागला. दहा पाहिजेत. ठाण्याला दीनाला, म्हणजे आपल्या एकुलत्या एक लेकीला, तो फोनवर तेच विचारी. किती झाले? सहा झाले, बाबा. सात झाले. तोंडात तेच, त्यामुळे गल्लीतही तेच. आणि समोरच्या छबुबाईनं त्याचा सरळ आपला अर्थ लावला. ‘दहावा कवा मिळतो कुनाला ठाव,’ असं हा म्हणाला, की तिला ऐकू यायचा दहावा, मयताच्या दहाव्या दिवसाचा.

“दादा, वरीस व्हत आलं आन् वहिनीचा दहावा आजून न्हाई?” ती कळवळून म्हणायची. “जीव घुटमळत आसंल की बाईचा.”

“तसा दहावा न्हवं छबुबाई. दहावा मानूस.”

“तेच की. दहाव्याला मानसं तर लागनारच.”

तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला कावळा दुपार झाली तरी पिंडाला शिवेना, ही गोष्ट ती त्याला दर खेपेला नव्यानं सांगे. भात उन्हात वाळत चाललेला, भटजी घड्याळ बघतोय, सगळे ताटकळलेले. शेवटी थोरला युवराज पुढं झाला, हात जोडून मोठ्यानं म्हणाला, आबा, धाकट्याला मी अंतर देनार न्हाई, कबूल. शब्द तोंडातून निघतोय न निघतोय तोच कावळा उतरला. “मेलेल्या मानसाचं आडलेलं आसतं दादा. कुनी तरी पुढं होऊन कबूल करावं लागतं. त्याबिगर शिवत न्हाई.” हसकेल मान हलवायचा. समजावून सांगायचा कंटाळा त्याला जुनाच होता.

अखेर दीनानंच मार्ग काढला. ठाण्याचं त्यांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा चार घरची माणसं गोळा करून कुठेतरी एक दिवस घालवायचे. आपले सण, आपल्या प्रार्थना, आपण कोण, कुठून आलो, याच्या गोष्टी पोराबाळांना सांगायच्या आणि शेवटी मलिदा करायचा. मलिदा म्हणजे गूळ-खोबऱ्याचे पोहे, वर फळं, खजूर. एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घेऊन सगळ्यांनी वाटून खायचे. यंदाचा मेळावा माझ्या माहेरी घ्या, आईच्या वर्षाला, असं तिनं मंडळाच्या गळी उतरवलं. ठाण्याहून टेम्पो ट्रॅव्हलर निघणार, त्यात नऊ बाप्ये, बाकी बायकापोरं. दहावे लातूरचे एक निवृत्त स्टेशनमास्तर, ते परस्पर येणार.

रविवारी सकाळी हसकेलनं अंगणात सतरंज्या घातल्या. रिबकाचा पितळी दिवा चिंचेनं घासून लख्ख केला. दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे शास्त्रवचन ठेवलेली छोटी लाकडी पेटी, बापाच्या हातची होती. तिच्यावरची राख पुसली. छबुबाईनं आपली मोठी परात आणून दिली, पोहे निवडू लागली. आणि तेवढ्यात लातूरहून फोन आला. स्टेशनमास्तरांना रात्रीपासून चक्कर येत होती, पोरगा घराबाहेर पडू देत नव्हता.

हसकेल खाली बसला. वर्षभराचा खटाटोप एका चक्करेपायी पाण्यात गेला, असं त्याला वाटलं. मग एकाएकी तो हसायला लागला. छबुबाई पोहे सोडून बघतच राहिली.

“आगं, मी येडा हाय का काय? समद्यांना मोजत बसलो आन् सोताला सोडलं की! नऊ ते, आन् दहावा मी.”

“घ्या! घरचाच मानूस आन् गावभर धुंडाळलं,” छबुबाई म्हणाली.

अकराच्या सुमारास गाडी आली. अंगण भरलं. शलोम, शलोम असे आवाज परळीच्या त्या गल्लीत पहिल्यांदाच उठले, आणि ते ऐकून हसकेलला इतकं भरून आलं की आलेल्या प्रत्येकाचे हात तो दोन-दोनदा हातात घेऊ लागला. रिबकाचा धाकटा भाऊ मेयर आला होता. आता तोही टकला, पोट सुटलेला, पण हसणं रिबकाचंच. शिकवायला अवनेर नावाचा तरुण होता. पाच-सहा वर्षं यरुशलेममध्ये शिकून आलेला, मवाळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. त्यानं पोरांना शमा म्हणायला शिकवलं. उजव्या हातानं डोळे झाकायचे आणि म्हणायचं, ऐक हे इस्राएला. हसकेलनंही डोळे झाकून म्हटलं, सगळ्यांत मोठ्यानं. अवनेर हसून म्हणाला, “काकांचा शमा अगदी खणखणीत आहे.” हसकेल पोरासारखा लाजला.

मग अवनेर म्हणाला, “दुपारच्या प्रार्थनेला वेळ आहे. आपण असं करू, प्रत्येकानं आपल्या आईबद्दल एक गोष्ट सांगायची. आपल्यात सगळं आईकडून येतं. काका, यजमान तुम्ही, सुरुवात तुम्ही करा.”

दीना तेव्हा आत छबुबाईबरोबर नारळ खवत होती. ती बाहेर असती तर पुढचं झालं नसतं.

हसकेल खुलला. इतकी आपली माणसं समोर, आणि विचारतायत आईबद्दल! आजवर त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं, निदान तो तसं समजत होता.

“माझी आई युसूफ वडगावची,” त्यानं मांडी ठोकून सुरुवात केली. “केज तालुक्यातलं. तेल्याची पोर. नाव साखराबाई. माझे बाबा हितं रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर. पटकीची साथ आली तवा त्यांना वडगावला सुया टोचायला धाडलं. चार दिस ऱ्हायले तेल्याच्या वसरीत. तिसऱ्या दिशी आजोबा इचारतो, कंपाउंडर, तुमची जात कंची? बाबा म्हनले, आमीबी तेलीच. कोकनात आमचा घाना व्हता, शनवारी बंद ठेवायचो म्हून लोक आमाला शनवार तेली म्हनायचे. आजोबा म्हनला, आमी सोमवार तेली. आमचा घाना सोमवारी बंद, महादेवाचा वार. शनवार काय आन् सोमवार काय, तेल तर एकच! आन् दिली की पोर.”

अंगणात हशा पिकला. पोरं तर लोळायला लागली. हसकेलला चेव आला.

“लगीन भटजीनं लावलं. पर बाबा पक्के. परळीला आनल्यावर तिला वाण नदीवर घेऊन गेले. डोहात उभी केली, हातात पुस्तक, वाचलं आन् तीन बुड्या दिल्या. आईला पवता येत न्हवतं. तिसऱ्या बुडीला तिला वाटलं, ह्या मानसानं मला मारायलाच आनलंय! वर काढून बाबा म्हनले, आजपासून तू सारा. तवापासून आईनं शनवारी कदी चूल पेटवली न्हाई. सोमवारीबी न्हाई पेटवायची म्हनायची, पर बाबा म्हनले, हप्त्यातून दोनदा उपाशी कोन ऱ्हाईल?”

पोरं हसत होती. मोठी माणसं आता हसत नव्हती. एक म्हातारी पदर सावरून दुसरीकडे बघू लागली. मेयरच्या तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, पण त्यात आता रिबका नव्हती. हसकेलला वाटलं, आपण जरा लांबवलंच.

“नदीवर वडिलांबरोबर आणखी कोण होतं, काका?” अवनेरनं हळूच विचारलं.

“कोन आसनार? बाबा आन् आई. हां, काठाला एक म्हशीवाला व्हता.”

 अवनेरनं पुढच्याला सांगायला लावलं, पण गोष्टींचा रंग उडाला तो उडालाच. दोघं-तिघं थोडक्यात बोलले आणि प्रार्थनेची वेळ झाली.

पुरुष ओळीनं उभे राहिले. हसकेल शेवटी, दाराशी, रिबकाचा दिवा दिसेल असा. आपल्यात माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, त्यातला एकेक शब्द एकेकाकडे बघत म्हणायचा. अवनेर म्हणू लागला. मेयरपासून सुरुवात झाली, शब्द पुढं सरकत आला. नववा शब्द त्यानं स्वतःवर हात ठेवून म्हटला. मग त्यानं हसकेलकडे बघितलं. दहावा शब्द ‘हाओलाम’. हसकेलला ते वचन लहानपणापासून पाठ होतं. तो शब्दाची वाट बघत छाती काढून उभा होता. शब्द आला नाही.

“आपण नऊच आहोत,” अवनेर खाली बघत म्हणाला.

“नऊ कसे? मी हाय की.”

 अवनेर त्याच्याजवळ आला. “काका, हे मी ठरवत नाही. आई यहुदी असेल तर मूल यहुदी. किंवा आईनं रीतसर धर्म घेतलेला असावा, तीन जाणत्या माणसांसमोर. तुमच्या वडिलांनी जे केलं ते प्रेमानंच केलं. पण ते पुरत नाही.”

“म्हंजी... मी न्हाई?”

“तुम्ही आमचेच आहात, काका. फक्त मोजता येत नाही.”

असल्या मऊ बोलण्याइतकं निर्दय काही नसतं. हसकेलनं अंगणावरून नजर फिरवली. आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, त्याला ऐकू आलं. अहो, चहाचं बघता का जरा? पेणच्या ओटीवर कुणी म्हातारी ‘तुमच्या आईचं घराणं कुठलं हो?’ म्हणून विचारणार, की नेमका तेव्हाच तो चहा निघायचा. दर वर्षी. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. तिला माहीत होतं. तिनं त्याला जन्मभर स्वयंपाकघरात धाडून वाचवलं होतं, आणि आज पहिल्यांदाच तिच्याविना तो चार माणसांत बसला होता. त्याला वाटलं, आपण तिच्यामागे जावं, आत्ता, या क्षणी.

रहमतुल्ला खजुरांची पिशवी घेऊन दारात आला तो नेमका याच वेळी. सगळे नुसतेच उभे बघून त्यानं काय झालं विचारलं. कुणीतरी सांगितलं, एक माणूस कमी पडतोय. “बस, इत्तंच?” तो म्हणाला आणि चपला काढून हसकेलच्या शेजारी उभा राहिला. “मी थांबतो. भाभीची कबर ह्याच हातानं खोदली, दुवाला उभं ऱ्हायला काय जातंय?” अवनेरनं त्याचे हात धरले, आभार मानले आणि मान हलवली. रहमतुल्ला दोन पावलं मागं सरला. हसकेलच्या लक्षात आलं की आपणही त्याच्याबरोबर दोन पावलं मागं सरलो आहोत.

 मेयर आता पुढं आला. “भावोजी, लग्न ठरताना आमच्या बाबांनी तुम्हाला आईकडचं आडनाव विचारलं होतं. काय सांगितलंत?”

“वडगावकर. वडगावची म्हून वडगावकर.”

“आमच्यात गावापुढं कर लागला की ते आपलंच घर असतं. त्यात गावाचं नाव युसूफ वडगाव. बाबा तर खूश झाले, योसेफाचं गाव, आपल्याच लोकांनी वसवलं असणार म्हणाले!” मेयरचा आवाज चढला. “आणि निघालं काय, काळे इस्राएल.”

हा शब्द हसकेलनं बापाच्या तोंडून एकदाच ऐकला होता. बाप इस्राएल आणि आई बाहेरची असली, की पोरांना जुने लोक काळे म्हणत, पंक्तीला वेगळं बसवत. आता तसलं काही राहिलं नाही, असंही बापानंच सांगितलं होतं.

“मेयरमामा, आजचा दिवस तरी...” अवनेर मध्ये पडला. “हे बघा, इथे कद्दीश होणार नाही. पण ठाण्याला रोज दहा जण जमतात. तुम्ही सख्खे भाऊ, बहिणीसाठी तुम्ही म्हणू शकता. दर वर्षी म्हणू शकता. रिबकाबाईंचं काहीच अडत नाही, दीनाचंही नाही. मुलगी आईमुळे यहुदीच आहे.”

“म्हणेन की,” मेयर म्हणाला. “पण आधी मला एक कळलं पाहिजे. रिबकाला हे ठाऊक होतं? माहीत असून तिनं आईबाबांना फसवलं असेल, तर माझ्या तोंडून तिच्यासाठी एक शब्द निघणार नाही. बाबांची शपथ.”

नारळानं माखलेले हात घेऊन दीना दारात आली होती. तिनं शेवटचं सगळं ऐकलं असावं. तिचा चेहरा बघताच हसकेलला कळलं की रिबकानं लेकीला सांगून ठेवलं आहे. दीना सरळ होती, आईसारखीच, खोटं पचायचं नाही तिला. तिनं तोंड उघडलं, “मामा, आईला...”

“दीना,” हसकेल म्हणाला, “चहाचं बघ जरा.”

दीना जागीच थांबली. बापाकडे बघत राहिली. मग डोळ्याला पदर लावून आत गेली.

हसकेल मेव्हण्याकडे वळला. शब्द एकामागून एक नीट निघाले. “तिला काईच ठाव न्हवतं. मी तिला सांगितलंच न्हाई. आईलाबी दम देऊन ठिवला व्हता, सुनेपुढं वडगावचं नाव काढायचं न्हाई म्हून. तुमच्या बाबाला मी जानूनबुजून फसवलं. इतकी वरसं तोंड दाबून ठिवलं, आज जीभ सैल सुटली. ती बिचारी मरेस्तवर मला इस्राएल समजत ऱ्हायली.”

“मी तुमच्या घरात आलो, बसलो, तुमच्या आईच्या हातचा मलिदा खाल्ला,” मेयर म्हणाला.

“खाल्ला. समदं माझं पाप. तिचं न्हाई.”

रहमतुल्ला त्याच्याकडे डोळे फाडून बघत होता. सासू-सुना एकाच ताटात जेवताना त्यानं पाहिल्या होत्या. रिबका सासूला ‘वडगावच्या’ म्हणून चिडवायची आणि सासू हसून तिच्या पाठीत धपाटा घालायची, हेही त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही, कारण दोस्तानं त्याच्याकडे एकदाच बघितलं होतं.

मेयरच्या खांद्यांतला ताण उतरला. डोळे भरून आले. “माझी गरीब बहीण,” तो म्हणाला. “म्हणेन मी तिच्यासाठी. मी आहे तोवर दर वर्षी म्हणेन.” मग हसकेलकडे न बघता त्यानं पाठ फिरवली.

नऊ जणांनी कद्दीशविना प्रार्थना उरकली. हसकेल दाराबाहेर उभा होता, कुणी बाहेर काढलं नव्हतं तरी. मलिद्याची परात मध्ये ठेवली, एलियाहू हनाबीचं नाव घेतलं. पोरांनी खाल्लं. दोन-चार बायकांनी कागदात बांधून घेतलं. मेयरनं दाणा तोंडात टाकला नाही. उन्हं उतरायच्या आत गाडी निघायची होती, रस्ता लांबचा होता.

दीना शेवटी गाडीत बसली. बसण्याआधी बापाच्या गळ्यात पडून तिनं एवढंच विचारलं, “कशाला, बाबा?”

“तुझ्या आईनं जल्मभर मला चहाला धाडलं,” तो म्हणाला. “मी एकदाच तुला धाडलं.”

“मी मामाला खरं सांगणार आहे.”

“मग तिच्यामागं कोन म्हननार? मी? मला तर मोजत न्हाईत.” त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “सांगू नको पोरी. तू इस्राएल हायेस. माझं ऱ्हाऊ दे.”

गाडी गेली. रहमतुल्ला काही वेळ पायरीवर बसला, मग नमाजाची वेळ झाली म्हणून उठला. जाताना म्हणाला, “झूट बोललास तू, हसन.” हसकेलनं या खेपेलाही नाव दुरुस्त केलं नाही.

तो अंगणात आला. सतरंज्यांवर राखेचा पातळ थर बसायला लागला होता. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाकडे त्याचा हात सवयीनं गेला. आत जाताना तिला बोटं लावून ओठांना टेकवायची, हे तो चालायला लागल्यापासून करत आला होता. हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. मग आत जायलाच नको म्हणून तो पायरीवर टेकला.

छबुबाई परात न्यायला आली. उरलेला मलिदा त्यानं तिलाच दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. दीनाचं रडणं तिनं आत पाहिलं होतं, पण बाहेर काय बोलणं झालं ते तिला कळलं नव्हतं.

“झाला का दादा दहावा?” तिनं मायेनं विचारलं.

“झाला.”

“शिवला का कावळा?”

हसकेलनं आज तिला समजावलं नाही. “लई येळ लागला,” तो म्हणाला. “शिवतच न्हवता.”

“मग?”

“मग म्या पुढं होऊन कबूल केलं. तवा शिवला.”

“बरं झालं. सुटली माऊली.” छबुबाईनं मोकळा श्वास टाकला. परात कडेवर घेता घेता तिनं सहज विचारलं, “काय कबूल केलंत?”

“जे केलं न्हवतं, ते.”

तिला त्यातलं काही कळलं नाही. आज शुक्रवार नव्हता, पण आत रिबकाचा दिवा तेल घालून तयार होता. तेवढा तरी लावून घ्या दादा, अंधार पडायला लागलाय, असं म्हणून ती गेली. हसकेल पायरीवरून उठला नाही.